स्क्रीन रीडर आणि नवा लॅपटॉप: आधी ‘मी कुठे आहे?’ एवढंच शिका

प्रश्न थोडक्यात असा: “पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे, वय ५१. काचबिंदूने दोन वर्षांत नजर जवळपास गेली. फोन टॉकबॅकवर वापरतो. मुलीने नवा लॅपटॉप घेऊन दिला, विंडोज ११ आणि एनव्हीडीए (पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) घालून दिलं, शॉर्टकटची मोठी यादी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दिली. तीन आठवडे झाले. यंत्र सतत बोलतं, मला काही उमगत नाही. मध्येच गप्प होतं. मुलगी पुण्याहून फोनवर सांगते, तेही कळत नाही. यादी पाठ झाली, काम एकही झालं नाही. कुठून सुरुवात करू आणि किती दिवस लागतील?”

दादा, तुमचा प्रश्न मी तीनदा ऐकला. मी जन्मापासून अंध आहे आणि अठरा वर्षं हेच शिकवते, त्यामुळे पहिल्यांदा ऐकतानाच वाटलं की उत्तर मला माहीत आहे. तिसऱ्यांदा ऐकताना एक वाक्य अडकलं: ‘यादी पाठ झाली, काम एकही झालं नाही.’ नेमकं दुखणं तिथे आहे. मुलीची माया समजते, पण ती यादी तूर्त कपाटात टाका. तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. यादी सांगते की कुठली कळ काय करते, पण त्या घडीला तुम्ही कुठे उभे आहात हे ती सांगत नाही. आणि कळ काय करणार हे सगळं त्याच्यावर ठरतं. एंटर डेस्कटॉपवर दाबला तर फाइल उघडते, पत्रात दाबला तर नवी ओळ येते, ‘डिलीट करू का?’ या प्रश्नावर दाबला तर कदाचित फाइल जाते.

डोळे होते तेव्हा हा प्रश्न पडलाच नाही, कारण अख्खा पडदा एकदम दिसायचा. फोनवरही फारसा पडत नाही, कारण बोट जिथे, तिथलं टॉकबॅक बोलतं. बोटाखाली जागा असते. लॅपटॉपवर ती नाही. तुमची बोटं कीबोर्डवर एकाच जागी आणि फिरते ती दुसरीच एक अदृश्य गोष्ट. तिला फोकस म्हणतात. फोनवर छान चालणारी माणसं लॅपटॉपवर अडखळतात ती इथेच, आणि मग स्वतःला मंद समजायला लागतात.

तुमच्या ऑफिसातली रेकॉर्ड रूम आठवा. दिवे गेले आणि तुम्हाला एक फाइल काढायची आहे. तुम्ही काय कराल? आधी हात लावून ठरवाल की हे कुठलं कपाट. मग कप्पा. मग फाइल. मध्ये गोंधळलात तर कप्पे उचकत बसणार नाही, दारापाशी परत येऊन पहिल्यापासून मोजाल. कॉम्प्युटरवर कपाट म्हणजे खिडकी, कप्पा म्हणजे त्या खिडकीतला भाग किंवा डायलॉग, फाइल म्हणजे ज्या वस्तूवर तुम्ही आत्ता आहात ते बटण, यादीतली ओळ किंवा लिहायची चौकट.

म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त एवढ्या कळा. इन्सर्ट आणि टी: कपाट कुठलं ते सांगते, म्हणजे खिडकीचं नाव. इन्सर्ट आणि टॅब: हात कुठल्या फाइलवर आहे ते सांगते. एस्केप: एक पाऊल मागे. विंडोज आणि डी: सगळं सोडून दारापाशी, म्हणजे डेस्कटॉपवर. आणि नुसता कंट्रोल: गप्प बस. बस, एवढंच. (इन्सर्ट म्हटलं ती एनव्हीडीएची स्वतःची कळ. लॅपटॉपवर ती धड सापडत नाही, त्याचं पुढे सांगते.)

आता सराव. मी सगळ्यांकडून एक खेळ करून घेते, हरवायचा. घरात जो कोणी असेल त्याला सांगा की माझ्या लॅपटॉपवर दोन-तीन वेळा काहीही दाब, कुठलंही काहीतरी उघड, आणि गप्प बस. मग तुम्ही कीबोर्ड हातात घ्यायचा, इन्सर्ट-टी, इन्सर्ट-टॅब दाबून तोंडाने सांगायचं की मी कुठे आहे, आणि डेस्कटॉपवर परत यायचं. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. कंटाळवाणं वाटेल. पण एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे यायचे, ते चौथ्या दिवशी हसायला लागले. म्हणाले, “आता काहीही झालं तरी घरी यायची वाट माहीत आहे.” भीती गेली की शिकणं आपोआप होतं. भीतीत पाठ केलेली कळ ऐन वेळी बोटाला आठवत नाही.

दुसरी गोष्ट, ‘सतत बोलतं आणि उमगत नाही’. एनव्हीडीए बडबडतं खरं, पण त्या बडबडीला क्रम आहे आणि तो बहुतेक वेळा तोच असतो: आधी नाव, मग जात, मग अवस्था, मग कितव्या जागी. उदाहरणार्थ ‘हिडन आयटम्स, चेक बॉक्स, नॉट चेक्ड’. नाव हिडन आयटम्स, जात चौकोनी खूण करायची जागा, अवस्था खूण नाही. जात कळली की कळ कळते: चेक बॉक्स असेल तर स्पेसबार, कॉम्बो बॉक्स म्हणजे पर्यायांची यादी असेल तर वर-खाली अ‍ॅरो, एडिट म्हणजे लिहायची चौकट असेल तर टाइप करा, बटण असेल तर स्पेस किंवा एंटर. शॉर्टकट पाठ करायच्या ऐवजी या सात-आठ जाती पाठ करा. त्या विंडोजमध्ये जवळपास सगळीकडे लागू पडतात.

एक प्रसंग जवळून बघू. नोटपॅड उघडा: विंडोज कळ दाबा, ‘नोटपॅड’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा, एंटर. एक ओळ लिहा. आता कंट्रोल आणि एस. एनव्हीडीए म्हणेल साधारण असं: ‘सेव्ह अ‍ॅज, डायलॉग’, मग ‘फाइल नेम, एडिट’, आणि कुठलंतरी नाव वाचून ‘सिलेक्टेड’. घाई करू नका, एकेक शब्द सोडवा. ‘डायलॉग’ म्हणजे तुम्ही आता नोटपॅडच्या पानावर नाही, त्याच्यासमोर एक छोटा अर्ज आला आहे आणि तो भरल्याशिवाय पुढे सुटका नाही. ‘फाइल नेम’ हा अर्जातला रकाना. ‘एडिट’ म्हणजे त्यात लिहायचं आहे. ‘सिलेक्टेड’ म्हणजे रकान्यात आधीच काहीतरी लिहिलेलं आहे, पण ते निवडलेल्या अवस्थेत आहे, म्हणून आधी खोडायची गरज नाही, तुम्ही टाइप करायला लागलात की जुनं आपसूक जाईल. नाव टाका, एंटर. डायलॉग गेला का? इन्सर्ट-टी. खिडकीच्या नावात तुमच्या फाइलचं नाव ऐकू आलं की काम झालं. डोळसांना दिसतं, आपण विचारून घेतो. एवढ्या एका कामात तुम्ही खिडकी, डायलॉग, रकाना आणि अवस्था या चारही गोष्टी वापरल्या. हेच दहा वेळा करा, नंतर वर्डमध्ये करा, नंतर ईमेलला फाइल जोडताना करा. डायलॉग थोडा बदलेल, सोडवायची रीत बदलणार नाही.

विंडोज ११ मधल्या नोटपॅडची एक खोड सांगून ठेवते, कारण नवे विद्यार्थी तिला हमखास फसतात. जुना नोटपॅड बंद करताना ‘सेव्ह करू का?’ विचारायचा. नवा बहुतेक वेळा विचारत नाही, आहे तसं आत ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी उघडलात की कालचंच पान समोर. माणसाला वाटतं कॉम्प्युटर भुताने धरला. शिवाय त्याला टॅब आहेत, म्हणजे एका खिडकीत अनेक पानं. नको असलेलं पान कंट्रोल-डब्ल्यूने बंद करा.

आता कंट्रोल कळीबद्दल, कारण माझ्या मते चांगला आणि साधारण वापर यातला फरक तिथे आहे. डोळस माणूस वर्तमानपत्र वाचतो म्हणजे सगळं वाचतो का? मथळ्यावरून नजर फिरवतो आणि सोडून देतो. आपण नजर फिरवतो ती बोलणं तोडून. पहिला शब्द ऐकला, हवा तो नाही, लगेच पुढची कळ. पुढची कळ दाबताच मागचं बोलणं थांबतं, वेगळा कंट्रोल दाबायचीही गरज नाही. नवीन माणूस प्रत्येक वाक्य सभ्यपणे शेवटपर्यंत ऐकतो, जणू मध्येच तोडलं तर समोरच्याला वाईट वाटेल. दादा, त्याला वाईट वाटत नाही. तोडा.

आवाजाचा वेग सुरुवातीला कमी ठेवा. इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबलं की आवाजाच्या सेटिंग उघडतात, तिथे ‘रेट’ आहे. आठवड्याला थोडा थोडा वाढवा. दोन-चार महिन्यांत मुलगी म्हणेल, “बाबा, हे काय चाललंय, मला एक शब्द कळत नाही.” तेव्हा समजा की जमलं. आवाज कुठला? विंडोजचे आवाज कानाला गोड आहेत, इ-स्पीक हा एनव्हीडीएबरोबर येणारा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण वेगात इ-स्पीकच स्पष्ट राहतो, आणि तो मराठीही बोलतो. बरेच जण हिंदी आवाजाने मराठी ऐकतात. चालतं, पण ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च हिंदी आवाजाला वेगळे माहीत नाहीत, तो दोन्हीकडे चहाचाच च लावतो. मी स्वतः इंग्रजी खिडक्यांना एक आवाज आणि देवनागरीला दुसरा असं ठेवते. तुम्ही पहिले तीन महिने असले प्रयोग करू नका. आवाज रोज बदलणारा माणूस कानाला ओळख होऊच देत नाही.

‘मध्येच गप्प होतं’ याची कारणं मोजकी आहेत. सगळ्यात नेहमीचं: इन्सर्ट-एस चुकून दाबलं गेलं. ती बोलण्याची पद्धत बदलणारी कळ आहे, बोलणं बंद किंवा नुसते बीप. ती थांबत थांबत दाबत राहा, ‘टॉक’ म्हणेपर्यंत. दुसरं: वरच्या रांगेतल्या एफ-वन, एफ-टू कळा नव्या लॅपटॉपवर आवाज आणि उजेडाच्या कळा होऊन बसलेल्या असतात, तुम्ही एफ-काहीतरी दाबायला जाता आणि म्यूट होतं. अनेक लॅपटॉपवर एफ-एन आणि एस्केप एकत्र दाबलं की त्या परत साध्या होतात. तिसरं: आवाज ब्लूटूथच्या हेडफोनला गेला आणि हेडफोन शेजारच्या खोलीत. चौथं: एनव्हीडीए स्वतःच अडकलं. त्यावर कंट्रोल-आल्ट-एन, ते नव्याने सुरू होतं. आणि काहीच चालेना तर विंडोज-कंट्रोल-एंटर, विंडोजचा घरचा नॅरेटर बोलायला लागतो. तो पाहुणा म्हणून बोलवा, काम झालं की त्याच कळेने घालवा, नाहीतर दोघं एकदम बोलतात आणि ते ऐकणं म्हणजे ग्रामसभा.

हे शेवटचे दोन, कंट्रोल-आल्ट-एन आणि विंडोज-कंट्रोल-एंटर, रात्री झोपेतून उठवलं तरी यायला हवेत. माझी पहिली वर्षं आठवतात. तेव्हा स्क्रीन रीडर विकत घ्यायला हजारो रुपये लागायचे, आमच्याकडे होती ती चाचणीची प्रत. चाळीस मिनिटं चालायची, मग बंद. कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्याशिवाय बोलायची नाही. चाळीस मिनिटांचा तास असल्यासारखा आम्ही धडा आखायचो. एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने सुरू केलं, पुढे जेम्स टेह त्याला मिळाला, आणि ते फुकट ठेवलं. फुकट म्हणजे हलकं असा समज ऑफिसात कोणी बोलून दाखवेलच, मनावर घेऊ नका. जगभर त्यावर नोकऱ्या चालतात, माझीही.

आता इन्सर्ट कळ. लॅपटॉपवर ती कोपऱ्यात, डिलीटच्या शेजारी, कधी एफ-एनबरोबर दाबायची, कधी नसतेच. एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये कॅप्स लॉकला तेच काम देता येतं. डाव्या करंगळीखाली येते, माझ्या मते तीच बरी. वर मी जिथे जिथे इन्सर्ट म्हटलं तिथे कॅप्स लॉक दाबा. खरंच कॅप्स लॉक हवा असेल तर पटकन दोनदा. तिथेच ‘लॅपटॉप’ की ‘डेस्कटॉप’ अशी कीबोर्डची मांडणी विचारतात. बाहेरचा मोठा कीबोर्ड नसेल तर लॅपटॉप निवडा. यादी काम करत नाही याचं हे एक साधं कारण असू शकतं: रेकॉर्डिंगमध्ये डेस्कटॉपच्या कळा आणि यंत्रात लॅपटॉपची मांडणी. चालू ओळ वाचायला एकीकडे इन्सर्ट आणि वरचा अ‍ॅरो, दुसरीकडे कॅप्स लॉक आणि एल. मुलीला विचारून बघा.

जमलं तर आकड्यांचा भाग असलेला साधा वायरचा कीबोर्ड घ्या आणि वायरचेच हेडफोन. ब्लूटूथला आवाज किंचित उशिरा येतो, आणि शब्दाची सुरुवात खाल्ली जाते. ‘नॉट चेक्ड’मधला ‘नॉट’ गेला तर अर्थ उलटा. एफ आणि जे कळांवर उंचवटे असतातच, बाकी हव्या त्या कळांवर टिकली चिकटवा. नेलपॉलिशचा थेंबही टिकतो. टचपॅड बंद करून टाका, तळहात लागून फोकस पळतो आणि दोष तुम्ही स्वतःला देता.

तुमच्याकडे एक भांडवल आहे, ज्याचा तुम्ही प्रश्नात उल्लेखही केला नाही. लिपिकाच्या नोकरीत आहात म्हणजे मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांची टायपिंग परीक्षा दिलेली असणार. न बघता टाइप करणं ज्यांना शिकवण्यात माझे पहिले दोन महिने जातात, त्यांच्या पुढे तुम्ही आहात. इंग्रजी टायपिंग येत असेल तर ते जसंच्या तसं कामाला येईल. मराठीत मात्र एक वळण आहे. तुमची बोटं रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीची. तिथे कागदावर दिसेल त्या क्रमाने टाइप करायचं, म्हणजे ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. इनस्क्रिप्ट या दुसऱ्या मांडणीत बोलू त्या क्रमाने: आधी क, मग वेलांटी. रेमिंग्टनच्या मांडणीत युनिकोड (म्हणजे आतही मराठी म्हणूनच साठवलेली अक्षरं) देणारी साधनं आहेत, आणि बोटं ऐकतच नसतील तर तीच घ्या. पण मी इनस्क्रिप्टच सुचवेन. ती विंडोजमध्ये आहेच, कुठल्याही ऑफिसच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर मिळते, आणि कानाने काम करणाऱ्याला बोलण्याचा क्रम जास्त सोपा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क के-वर, काना ई-वर, ऱ्हस्व वेलांटी एफ-वर, र जे-वर, म्हणजे त्या दोन उंचवट्यांवरच. काका लिहायचं तर के, ई, के, ई. विंडोज आणि स्पेसबारने भाषा बदलते, आणि बदलली की एनव्हीडीए सांगतं. खोडताना लक्षात ठेवा, बॅकस्पेस आधी मात्रा खातो, मग अक्षर. ‘की’ पुसायला दोनदा दाबावा लागतो.

टाइप करताना प्रत्येक अक्षर ऐकायचं की पूर्ण शब्द, हे इन्सर्ट-दोन आणि इन्सर्ट-तीनने ठरतं. सुरुवातीला अक्षरं, महिन्याभराने फक्त शब्द.

ऑफिसच्या कामात तुम्हाला एक भिंत लागेल ती आत्ताच सांगते, नाहीतर तेव्हाही वाटेल की चूक माझी. जुनी पत्रं, नमुने, टिपण्या शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डोळे फाँटमुळे फसतात, स्क्रीन रीडर फसत नाही. तो खरं आहे ते वाचतो, म्हणजे कंस, टक्के आणि अर्थहीन इंग्रजी अक्षरं. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत. नमुन्याची पत्रं एकदाच बदलून घ्या आणि यापुढे सहकाऱ्यांना युनिकोडमध्येच पाठवायला सांगा. दुसरी भिंत स्कॅन केलेल्या पीडीएफची. शासन निर्णयाचं पान छायाचित्र असेल तर एनव्हीडीएसाठी ते कोरं पान. गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडलं की मराठी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. आकडे आणि तारखा मात्र दुसऱ्या डोळ्यांकडून तपासून घ्या, ३ आणि ८ चा घोळ सहीनंतर महागात पडतो.

इंटरनेटकडे तिसऱ्या महिन्यात वळा. तिथे एकच कल्पना नवी आहे: एनव्हीडीए पानाचा कागद करून तुमच्या हातात देतं, आणि त्या कागदावर साधी अक्षरं आज्ञा होतात. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, ई दाबलं की लिहायची चौकट. बातमी वाचायला पान वरपासून ऐकू नका. एच, एच, एच, आणि हव्या त्या मथळ्यापाशी थांबा. चौकटीपाशी एंटर दाबून आत गेल्यावर एक खट्ट आवाज होतो, म्हणजे आता अक्षरं आज्ञा नाहीत, अक्षरंच आहेत. इन्सर्ट आणि स्पेसने हा बदल हाताने करता येतो. ‘नाव लिहायला गेलो आणि पान कुठेतरी पळालं’ ही तक्रार आली की खट्ट ऐकायचं राहिलं असं समजावं. चित्रातली अक्षरं ओळखा म्हणणारे कॅप्चा मात्र मलाही आजही अडवतात. तिथे ऑडिओचं बटण शोधा, नसेल तर कोणाला तरी हाक मारा. त्यात कमीपणा मानू नका.

आता मुलीसाठी दोन शब्द, हे तिला वाचून दाखवायला सांगा. बाळा, फोनवर ‘वर उजवीकडे निळं बटण’ म्हणू नकोस. बाबांकडे वर नाही, उजवीकडे नाही आणि निळंही नाही. ‘तुला काय ऐकू आलं?’ असं विचार आणि त्यांना पूर्ण सांगू दे. सुट्टीत घरी आलीस की कीबोर्डला हात लावू नकोस, हात मांडीखाली घेऊन बस. खरंच, मी पालकांना आणि मुलांना तसंच बसवते. एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत ‘स्पीच व्ह्यूअर’ आहे, तो बोललेलं सगळं पडद्यावर लिहून दाखवतो, म्हणजे बाबांच्या वेगाने तुला वाचता येईल. आणि एनव्हीडीएच्या २०२५.१ आवृत्तीपासून दूरवरून जोडण्याची सोय आतच आली आहे. तुझ्या कॉम्प्युटरवरही एनव्हीडीए घाल, मग पुण्यात बसून बाबांच्या लॅपटॉपवर काय बोललं जातंय ते तुला ऐकू येईल.

नोकरीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण प्रश्नात ते दबलेलं ऐकू आलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की शासकीय आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर त्याला कामावरून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तसं पदच नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पदावर ठेवायचं. तेव्हा कोणी प्रेमाने ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या’ म्हणालं तर सही करायच्या आधी हे कलम काढून वाचा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर ते आधी.

किती दिवस? माझ्याकडे येणारे, रोज दीड-दोन तास बसणारे लोक साधारण तीन महिन्यांत स्वतःचं पत्र लिहून, सेव्ह करून, ईमेल करतात. ऑफिसचं काम आत्मविश्वासाने करायला सहा ते नऊ महिने धरा. एक्सेलला त्याहून थोडे जास्त. नजर उशिरा गेलेल्यांना पहिला महिना जन्मांधांपेक्षा जड जातो, कारण मनात जुना पडदा असतो आणि ते तो शोधत राहतात. पुढे तोच पडदा उपयोगी पडतो, कारण टेबल, रकाना, समास म्हणजे काय हे तुम्हाला सांगावं लागत नाही. आठवड्याभराचं राहून शिक्षण घेता आलं तर नक्की घ्या. नॅबची (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) मुंबईत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कामं आहेत, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र आहे. त्यांच्याशी बोलून घ्या. शिकवणारा स्वतः अंध असेल तर उत्तम, कारण तो पडद्याकडे बघून उत्तर देऊ शकत नाही, तुम्ही ऐकलंत तेच त्यालाही ऐकावं लागतं.

आणि एनव्हीडीएत ‘स्क्रीन कर्टन’ आहे, पडदा काळा करून टाकतो. एसटीत किंवा ऑफिसात खासगी पत्र वाचताना मी नेहमी लावते. शेजारचा माणूस हमखास सांगतो, “ताई, तुमचा लॅपटॉप बंद पडलाय.”

पुढचा प्रश्न मुलीकडून लिहून घेऊ नका. नोटपॅड उघडा, स्वतः टाइप करा, सेव्ह करा, पाठवा. चुका तशाच राहू द्या, कुठल्या बोटाने चूक झाली ते मला त्यावरून कळतं.